आत घेता येणारी चाके, विमानाची
आत घेता येणारी चाके, विमानाची : जमिनीवर धावण्यासाठी असलेली विमानाची चाके व त्यांचे पाय उड्डाणानंतर पंखांत अथवा धडात दुमडून घेण्याची योजना. हवेत चाकांचा काही उपयोग नसतो. उलट त्यांमुळे हवेचा रोध वाढतो. हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे वेग दुप्पट झाल्यास तो चौपट होतो. मंदगती विमानांच्या काळात तो सोसणे हेच यंत्रणेचे वजन वाहण्यापेक्षा परवडत असे.

फ्रान्समधील १९२० च्या गॉर्डन बेनेट चषक शर्यतीसाठी बनविलेल्या डेटन-राइट या अमेरिकी विमानात चालक हाताने दांडा फिरवून चाके धडात घेत असे. प्रवासी वाहतुकीत या योजनेचे महत्त्व लॉकहीड ओरायन (१९३१) या विमानामुळे दिसून आले. स्विसएअर कंपनीने ते १९३२ मध्ये झुरिक–म्यूनिक–व्हिएन्ना मार्गावर आणले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहू येथे उतरले, त्या पस मॉथ विमानाची चाके मात्र स्थिर होती. (त्याच्या पायांवरील आवरणे आडवी वळवून उतरताना वेग कमी करता येई, उणिवेचाच उपयोग करून घेणारी ही युक्ती चतुर म्हटली पाहिजे.) सोव्हिएट आय-१६ या लढाऊ विमानात (१९३३) वैमानिकाला दांड्याचे ४४ फेरे द्यावे लागत. पुढे द्रवचालित यंत्रणा रूढ झाल्यावर हे कष्ट वाचले.

अशा यंत्रणेत पाय वरच्या टोकाशी बिजागरीने जोडलेला असतो व त्याला आधार देणारी दांडी मध्यभागी कोपरासारखी दुमडते. चाक पूर्ण बाहेर आले की हे कोपर सरळ होऊन अडकते, त्यामुळे जमिनीच्या धक्क्याने पाय मिटत नाही. आत घेताना अडसर सुटतो आणि तेलाच्या दाबाने सरकणारा दट्ट्या पाय वर ओढतो. दाब नाहीसा झाल्यास वरचा अडसर सोडून देण्याची वेगळी सोय असते. मग चाके बहुधा स्वतःच्या वजनानेच खाली येतात.

चाके पक्की अडकली की नाही, हे वैमानिकाला आसनावरून दिसत नाही. तो दिव्यांवर विसंबून असतो. २९ डिसेंबर १९७२ रोजी मायामीजवळ ईस्टर्न एअर लाइन्सच्या ट्रायस्टार विमानात पुढच्या चाकाचा दिवा लागेना. सर्व चालकवर्ग त्यात गुंतला असता स्वयंचलित नियंत्रणाची उंची राखण्याची क्रिया नकळत सुटली, विमान हळूहळू खाली येत दलदलीत कोसळले व १०१ जण मृत्युमुखी पडले. दिवा जळालेला होता. चाक व्यवस्थित खाली येऊन अडकलेले होते.

सेसना १७२ सारख्या लहान विमानांत आजही चाके सहसा स्थिरच ठेवतात; त्यांच्या वेगात रोधातील बचतीपेक्षा वाढीव वजन, किंमत व देखभाल यांचाच भार अधिक होतो.