दूध जड का जाते आणि दही-ताक का सोसते?

उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी पेलाभर दूध घेतले की पोट गुरगुरते, फुगते, क्वचित जुलाबही होतात. त्याच व्यक्तीस वाटीभर दही वा ताक मात्र सहज सोसते. असा अनुभव अनेकांस, विशेषतः वयोवृद्धांस, येतो. कोणी त्यास मनाचा खेळ म्हणतात, तर कोणी दूध-दही दोन्ही कायमचे वर्ज्य करतात. वास्तविक या अनुभवामागे निश्चित शास्त्रीय कारण आहे. भाविकांच्या माहितीसाठी ते आम्ही येथे देत आहोत.

दुधातील साखर

गाई-म्हशीच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे ५ ग्रॅम दुग्धशर्करा, म्हणजेच लॅक्टोज, असते. ही शर्करा जशीच्या तशी रक्तात शोषली जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरातील लॅक्टेज हे पाचक द्रव्य तिचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे दोन भाग करते, तेव्हाच ती अंगी लागते. तान्ह्या बाळात हे द्रव्य भरपूर असते. अंगावरचे दूध सुटल्यावर बहुतेक माणसांत ते घटत जाते. जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांची स्थिती अशीच आहे. तो रोग नव्हे. ज्यांच्यात ते आयुष्यभर टिकते, त्यांच्यात तसा आनुवंशिक बदल असतो. भारतात या बदलाचे प्रमाण वायव्येकडे अधिक असून दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी होत जाते.

न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात उतरते. तेथे ती पाणी ओढून घेते आणि तेथील जीवाणू तिच्यापासून वायू निर्माण करतात. पोटाचा सर्व त्रास यातूनच उद्भवतो.

विरजणाचे कार्य

१) विरजणातील जीवाणू दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्ल करतात. दह्याचा आंबटपणा तो हाच. यात साधारण चतुर्थांश ते तृतीयांश शर्करा कमी होते.

२) दह्यातील काही जिवंत जीवाणूंच्या पेशींत ही शर्करा फोडणारे त्यांचे स्वतःचे द्रव्य असते. पेशीच्या आवरणामुळे ते जठरातील आम्लातून बचावते आणि लहान आतड्यात पित्ताच्या संपर्काने मोकळे होऊन उरलेली शर्करा फोडते. दही आपल्या पचनाचे साधन स्वतःबरोबरच घेऊन येते, असे म्हणता येईल.

३) घट्ट असल्यामुळे दही जठरातून सावकाश पुढे सरकते. पचनास अवधी मिळतो.

१९८४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात यासंबंधी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दूध न सोसणाऱ्या व्यक्तींना १८ ग्रॅम दुग्धशर्करा एकदा दुधातून व एकदा दह्यातून देण्यात आली. न पचलेल्या शर्करेची खूण म्हणजे श्वासातील हायड्रोजन वायू. दह्यानंतर तो दुधाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच आढळला.

आपल्याकडे चरकसंहितेतही ग्रहणी व अर्श या विकारांच्या चिकित्सेत ताक सांगितले आहे.

आपल्या जिल्ह्यातील विरजण

आदिलाबादेत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तर हिवाळ्यातील रात्री तो १० अंशांखालीही उतरतो. म्हणून वैशाखात दही काही तासांत लागून लवकर आंबते. पौषात रात्रभर ठेवूनही अर्धवट राहते. अर्धवट लागलेल्या दह्यात शर्करा अधिक उरते. ज्यांना दूध सोसत नाही त्यांनी नीट लागलेले दहीच घ्यावे. थंडीत विरजणाचे भांडे जाड कापडात गुंडाळून उबेला ठेवावे.

ताकात पाणी असल्याने पेल्यामागे शर्करा आणखी कमी होते. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर परिचित असलेली ज्वारीची अंबील, जिला तेलुगू बांधव अंबली म्हणतात, ती शिजवून निवल्यावर ताक घातले तर जीवाणू जिवंत राहतात. कढीसारखे ताक उकळल्यास ते मरतात. मात्र आधी कमी झालेली शर्करा कमीच राहते.

काही सूचना

• बहुतेकांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम दुग्धशर्करा, म्हणजे साधारण पेलाभर दूध, जेवणासोबत घेतल्यास फारसा त्रास होत नाही. दूध पूर्ण सोडण्याची गरज सहसा नसते.

• कोजागरीचे दूध आटवलेले असते. त्यात शर्करा एकवटते, म्हणून ते बेताने घ्यावे. गोपाळकाल्यातील दही त्या मानाने सोसते.

• दुधाच्या जागी दही-ताक घेतल्यास हाडांना लागणारे कॅल्शियम व प्रथिने मिळत राहतात. वृद्धांच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे.

• दुधातील प्रथिनांची ॲलर्जी ही वेगळी बाब आहे. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे अशी लक्षणे ज्यांना होतात, त्यांना दही-ताकही वर्ज्य आहे.

• शौचातून रक्त जाणे, वजन घटणे वा जुलाब न थांबणे यांस दुधाचा त्रास समजून स्वस्थ बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

दूध प्यायल्यावर पोट दुखते असे एखाद्या मुलाने सांगितल्यास त्यास हट्ट समजून रागावू नये. त्याचप्रमाणे प्रसाद वाटताना कोणी दूध नको म्हटल्यास सेवेकऱ्यांनी आग्रह न करता ताक पुढे करावे, ही नम्र विनंती.