सांगलीचे हजारे, पुण्याचे प्रोफेसर आणि न हरलेली एक टीम

आमच्या हापिसातला क्लायंट अमेरिकेतल्या नेब्रास्काचा आहे. नेब्रास्का म्हणजे मका, गायीगुरं आणि मैलोन्मैल सपाट जमीन. तिथला आमचा मॅनेजर सोमवारच्या कॉलवर पहिली दहा मिनिटं कामाचं अवाक्षर काढत नाही, फक्त फुटबॉल. म्हणजे त्यांचा फुटबॉल, हाताने खेळायचा. तोही कॉलेजचा! पहिल्यांदा मला वाटलं, मोठी माणसं कॉलेजच्या पोरांच्या मॅचवर इतका वेळ का घालवतात? मग कळलं की त्या राज्यात मोठ्या लीगमधली व्यावसायिक टीमच नाही. जे काही आहे ते त्यांच्या युनिव्हर्सिटीची टीम. १९९५ च्या मोसमात ती टीम १२ पैकी १२ सामने जिंकली, एकही विजय १४ गुणांपेक्षा कमी फरकाने नाही, आणि शेवटच्या सामन्यात फ्लोरिडाला ६२-२४ असं धुतलं. त्यांचे कोच टॉम ऑसबोर्न हे शैक्षणिक मानसशास्त्रातले डॉक्टरेट. हे सगळं हा माणूस तीस वर्षांनी अशा आवाजात सांगतो की आपल्यालाच भरून यावं.

परवा त्याने विचारलं, "तुझ्या गावाची अशी कुठली टीम?"

आता काय सांगणार? माझं गाव पलूस. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या फुटबॉलच्या गोलपोस्टला जाळी नव्हती आणि मैदानावर परीक्षेच्या काळात मांडव पडायचा. गावात आम्ही टेनिस बॉलने क्रिकेट खेळायचो, तेही तोडणी झालेल्या रानात. बॉल शेजारच्या उभ्या उसात गेला की आउट, आणि ज्याने मारला त्याने आणायचा. आमच्या भागाला वेड कुस्तीचं, कुंडलच्या मैदानाचं. टीम वगैरे भानगड नाही.

पण प्रश्न डोक्यात राहिला. या विकांताला पाऊस होता, बाहेर पडायचं नव्हतं, तर बसलो जुनी धावफलकं उकरत. आणि सापडली की राव! पलूसची नाही, पण आमच्या सांगलीचा एक माणूस तिचा कणा होता. ही टीम म्हणजे १९३९-४० आणि १९४०-४१ ची महाराष्ट्राची रणजी टीम.

आधी एक गंमत. १९३९ साली महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. ते झालं १ मे १९६० ला. तेव्हा आम्ही मुंबई इलाख्यात. आमचं पलूस तेव्हा तासगाव तालुक्यात, सातारा जिल्ह्यात, म्हणजे थेट इंग्रजांच्या राज्यात. शेजारची किर्लोस्करवाडी औंध संस्थानात. आणि तीसेक किलोमीटरवरची सांगली पटवर्धनांच्या संस्थानात. सकाळी सायकल काढली तर दुपारपर्यंत तीन राज्यं फिरून होतील. अशा वेळी क्रिकेटमध्ये मात्र 'महाराष्ट्र' नावाची एक टीम होती, पुण्यात तिचं ठाणं होतं, आणि राज्य होण्याच्या वीस वर्षं आधी त्या नावाने दोनदा रणजी करंडक जिंकला गेला होता. मुंबईची टीम वेगळी. ती अजूनही वेगळीच आहे.

कॅप्टन होते प्रो. दि. ब. देवधर. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे. जन्म १४ जानेवारी १८९२. म्हणजे १९३९ साली सत्तेचाळीस वर्षांचे! आमच्याकडे पस्तिशीतला माणूस 'अरे पाठ धरली' म्हणून फिल्डिंग सोडतो. देवधरांनी १९२६ मध्ये गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध १४८ मारले होते, पण भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये झाला तेव्हा ते चाळिशीत होते. कसोटी त्यांना मिळालीच नाही. चुकीच्या वर्षी जन्मलेला माणूस. अशा माणसाच्या हातात एक प्रांतिक टीम आली आणि त्याने काय केलं ते बघा.

दुसरे विजय हजारे. जन्म ११ मार्च १९१५, सांगली. मराठी ख्रिस्ती कुटुंब, वडील शाळामास्तर, आठ भावंडं. ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेटने त्यांना शिकवलं. हजारे दोन पॅडच्या मध्ये बॅट धरून उभे राहायचे, बघायला विचित्रच. ग्रिमेटने ते बदललं नाही. मला हे फार आवडलं. कोड चालतंय ना, मग उगाच रिफॅक्टर करू नये. :)

१९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारेंनी नाबाद ३१६ काढले. रणजी करंडकातलं ते पहिलं त्रिशतक. यातला मजेचा भाग म्हणजे आठ गडी बाद झाल्यावर त्यांनी नगरवालांबरोबर नवव्या विकेटसाठी २४५ धावा जोडल्या. बडोद्याच्या बोलर्सचा विचार करा. आठ गेले, आता पाय धुवायला तंबूत जाऊ म्हणून ते तयार झाले असतील. आणि हा सांगलीचा न बोलणारा माणूस काही हलायलाच तयार नाही.

अंतिम सामना पुण्यात, युनायटेड प्रॉव्हिन्सेसविरुद्ध. त्यांनी पहिल्या डावात २३७ केले, महाराष्ट्राने ५८१. दुसऱ्या डावात त्यांनी बऱ्यापैकी झुंज देऊन ३५५ केले, तेव्हा कुठे डावाचा पराभव टळला. महाराष्ट्राला हव्या होत्या १२ धावा. झाल्या. दहा गडी राखून करंडक.

पुढचा मोसम १९४०-४१. इथे आकडे वेडे व्हायला लागतात. रंगा सोहोनींनी वेस्टर्न इंडियाविरुद्ध नाबाद २१८. मुंबईविरुद्ध महाराष्ट्राच्या ६७५ धावा, त्यात कॅप्टन देवधरांच्या २४६. पन्नाशीला टेकलेला प्रोफेसर, समोर मुंबई! आणि मुंबईने काय केलं? ६५०. विजय मर्चंट यांचं शतक, खंडू रांगणेकरांच्या २०२. म्हणजे ६७५ करूनही महाराष्ट्र वाचला तो फक्त २५ धावांनी. तेव्हा स्पर्धा बाद पद्धतीची होती, सामना निकाली न निघाल्यास पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढे. म्हणजे या दोन मोसमांच्या यशाचा सगळा डोलारा त्या २५ धावांवर उभा आहे. एक भागीदारी लवकर तुटली असती तर आज मी हा लेख लिहीत नसतो. मग लाहोरकडच्या नॉर्दर्न इंडियाविरुद्ध पुण्यात ७९८. सातशे अठ्ठ्याण्णव!!

आता इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. ६७५, ६५०, ७९८... हे आकडे टीमबद्दल सांगतात की पुण्याच्या खेळपट्टीबद्दल? खरं सांगायचं तर दोन्हीबद्दल. पुण्यात तेव्हा बोलरला पाप लागायचं. पुढे १९४९ मध्ये मुंबई-महाराष्ट्र सामन्यात पुण्यातच एकूण २३७६ धावा झाल्या आणि तो जागतिक विक्रम ठरला. तेव्हा मात्र महाराष्ट्र हरला. त्याच्या आधी डिसेंबर १९४८ मध्ये आमच्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यातच काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ मारले. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता आणि समोरच्या राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी सामनाच सोडून दिला. त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल, नाहीतर चिडचिड होईल.

म्हणून मला या टीमचा खरा सामना १९४०-४१ चा अंतिम वाटतो. तो पुण्यात नव्हता, मद्रासला होता. तिथे सातशेच्या गप्पा नाहीत. मद्रास पहिल्या डावात १४५, महाराष्ट्र २८४. मग मद्रासने दुसऱ्या डावात ३४७ करून सामना उलटवायचा घाट घातला. चौथ्या डावात २०९ हव्या होत्या, परक्या मैदानावर, परक्या लोकांसमोर. चार गडी गमावून २१० केल्या. सगळ्यांना तो ७९८ आठवतो, पण माझं मत मद्रासच्या २१० ला. घरच्या सर्व्हरवर सगळंच चालतं हो, प्रॉडक्शनला काय होतं ते महत्त्वाचं.

बाद पद्धतीत दोनदा लागोपाठ जिंकणं म्हणजे दोन मोसम एकदाही न हरणं. नेब्रास्कावाल्याला हे सांगितल्यावर तो जरा सरसावून बसला. कॅप्टन प्रोफेसर होता म्हटल्यावर तर फारच खूश झाला.

पण गावाकडचं काय? ही टीम जिंकत होती तेव्हा आमच्या भागात किती जणांना त्याचं सोयरसुतक होतं, याबद्दल मी स्वतःला फसवणार नाही. ऑक्टोबर १९४० मध्ये विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला होता. नंतर कुंडल तर प्रतिसरकारचं ठाणंच झालं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ जी. डी. बापू लाडांच्या मंडळींनी सरकारी पगाराची रेल्वे लुटली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबॉर्नवर हजारे 'द रेस्ट' संघाकडून हिंदू संघाविरुद्ध खेळत होते, कारण तेव्हाची ती स्पर्धा धर्मावर बेतलेली आणि हजारे ख्रिस्ती. संघाच्या ३८७ पैकी ३०९ एकट्या हजारेंच्या. भाऊ विवेकबरोबर ३०० ची भागीदारी, त्यात विवेकच्या २१. तरी डावाने हरले. एकाच वर्षी एकाच जिल्ह्यातली ही दोन माणसं, एक रेल्वे अडवतोय आणि एक मर्चंटच्या टीमला. शाळेत आम्हाला पहिलं शिकवलं, दुसरं कोणी शिकवलं नाही. असो.

आता मूळ दुखणं. दोन मोसमांनंतर १९४१ मध्ये हजारे बडोद्याला गेले. ज्या बडोद्याच्या बोलर्सना ३१६ धावा कुटल्या, त्याच संस्थानाने त्यांना नोकरी दिली. आमच्या भाषेत, डेमो बघूनच समोरच्या कंपनीने उचलला. :) तेव्हा क्रिकेटवर पोट भरत नव्हतं. बडोदा, होळकर अशी संस्थानं खेळाडूंना पगारावर ठेवायची, पुण्याच्या असोसिएशनकडे तसला पैसा नव्हता. पुढच्या मोसमात, १९४२-४३ मध्ये, बडोद्याने करंडक जिंकला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ ची भागीदारी केली. हजारेंनी ॲडलेडला दोन्ही डावांत शतकं केली आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताचा पहिला कसोटी विजय त्यांच्याच कप्तानीत मिळाला. २००४ मध्ये ते वारले ते बडोद्यातच.

आणि महाराष्ट्र? त्यानंतर आजवर रणजी नाही. १९७०-७१ ला अंतिम फेरीत मुंबईकडून, १९९२-९३ ला पंजाबकडून, २०१३-१४ ला कर्नाटककडून हार. त्या शेवटच्या मोसमात केदार जाधवने १२२३ धावा केल्या होत्या. मी तेव्हा शाळेत होतो आणि अंतिम सामन्याचा स्कोअर क्लासमध्ये बाकाखाली फोन धरून बघत होतो. देवधर मात्र थांबले नाहीत. १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात १०५ आणि १४१, वय बावन्न! १९९३ मध्ये गेले तेव्हा १०१ वर्षांचे होते. एकाच टीममधल्या या दोघांच्या नावाने देशात देवधर ट्रॉफी आणि विजय हजारे ट्रॉफी सुरू झाल्या. २०२२ च्या विजय हजारे ट्रॉफीत ऋतुराज गायकवाडने एका षटकात सात षटकार मारले (नोबॉल धरून), आणि अंतिम फेरीत महाराष्ट्र सौराष्ट्राकडून हरला. हजारेंच्या नावाची ट्रॉफीही येता येता राहिली.

गेल्या महिन्यात घरी गेलो होतो तेव्हा एक गोष्ट टाळत होतो. मला कंपनीने ओमाहाला जायची ऑफर दिलीय, दोन वर्षांसाठी, 'पुढे बघू' या बोलीवर. आण्णांना सांगायचं कसं कळेना. रात्री जेवणं झाल्यावर कट्ट्यावर बसलो होतो, तेव्हा उगाच हजारेंचा विषय काढला. सांगलीचा माणूस, दोन वर्षांत टीमला शिखरावर नेलं आणि बडोद्याला गेला, मग महाराष्ट्राला पुन्हा कधीच करंडक मिळाला नाही, असं सगळं सांगितलं.

आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यो बडोद्याला गेला म्हणून टीम हरली, ह्ये कुणी सांगितलं तुला? ऱ्हायलेल्यांनी खेळायचं न्हवतं व्हय?"

मी गप्प.

"आणि त्याच्या बापाला इचारलंवतं का कुणी? मास्तर माणूस, आठ पोरं. पगाराची नोकरी लागली म्हटल्यावर पेढं वाटलं असतील त्यानं." थोडा वेळ थांबून म्हणाले, "कधी जायचंय तुला?"

म्हणजे आईने आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी किर्लोस्करवाडी स्टेशनवर सोडायला आले. गाडी पंचवीस मिनिटं लेट. तेवढ्या वेळात त्यांनी मला दोनदा विचारलं की तिकडे ऊस पिकतो का. मी म्हटलं, नाही, मका.