थिंग्ज फॉल अपार्ट

नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे (१९३०–२०१३) यांची इग्बो समाजव्यवस्था आणि ब्रिटिश वसाहतवाद यांच्या संघर्षावरील इंग्रजी कादंबरी (पहा : आफ्रिकी साहित्य).

लंडनच्या हाइनमन प्रकाशनसंस्थेने ती १९५८ मध्ये, नायजेरियाच्या स्वातंत्र्यापूर्वी (१९६०), प्रसिद्ध केली. जॉइस कॅरी यांच्या मिस्टर जॉन्सन (१९३९) या कादंबरीतील आफ्रिकी माणसाचे चित्रण अमान्य झाल्याने अचेबे लेखनास प्रवृत्त झाले. शीर्षक डब्ल्यू. बी. येट्स यांच्या कवितेतून घेतले आहे.

कादंबरीत तीन भाग व २५ प्रकरणे आहेत. पहिल्या भागात ओकोंक्वो या नायकाच्या आयुष्यातून उमुओफिया या इग्बो गावसमूहातील यॅमची (कोनफळाच्या वर्गातील कंदाची) शेती, कुलाचार आणि मुखवटाधारी पूर्वजांची न्यायसभा येते. दुसऱ्यात त्याची सात वर्षांची हद्दपारी व मिशनऱ्यांचे आगमन. तिसऱ्यात वसाहती न्यायालय, प्रशासन आणि ओकोंक्वोची आत्महत्या. म्हणी व लोककथा निवेदनातच गुंफल्या आहेत. परंपरेतील हिंसाही चित्रित होते.

१९६२ मध्ये सुरू झालेल्या हाइनमनच्या आफ्रिकी लेखकमालेतील हे पहिले पुस्तक. पन्नासहून अधिक भाषांत अनुवादित झालेली ही कादंबरी वसाहतोत्तर साहित्याभ्यासात पायाभूत मानली जाते. मराठी लेखक भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादी भूमिकेच्या संदर्भात तिचे वाचन करता येते (पहा : देशीवाद, वसाहतवाद).