वूजोचा द्राक्षमळा आणि त्याचे धनी

फ्रान्सच्या पूर्व भागात बर्गंडी प्रांत आहे. तेथील दिजों शहरातून दक्षिणेस निघाले की उजव्या हातास डोंगरउताराची एक अरुंद पट्टी लागते. फार नामांकित आणि फार महाग अशी तांबडी वाइन या पट्टीत होते. याच पट्टीत वूजो नावाच्या खेड्याशी दगडी भिंतीने वेढलेला सुमारे १२५ एकरांचा एक मळा आहे. त्याला क्लो द वूजो म्हणतात. ‘क्लो’ म्हणजे आवार घातलेली जमीन.

कोणी म्हणेल, कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने मद्यावर का बोलावे? पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या वाटेने गेलेले पैसे घरी पोचत नाहीत, हे आम्ही चाळीचाळीतून पाहिले आहे, आणि वाइनची तरफदारी करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. परंतु एखाद्या वस्तूचा इतिहास तिच्या धन्यांच्या नावांनी लिहिला जातो आणि ती निपजविणारे हात त्यातून गळून जातात, हा प्रकार या मळ्याच्या बाबतीत इतका उघडा दिसतो की आम्हांला हा विषय सोडवेना.

पहिले धनी म्हणजे सितो येथील मठाचे साधू. हा मठ १०९८ साली स्थापन झाला. सितोची जमीन सखल व पाणथळ. तेथे द्राक्षवेलीचे काही खरे नव्हते. म्हणून बाराव्या शतकाच्या आरंभापासून मठाने वूजोच्या उतारावर जमिनी मिळविण्यास सुरुवात केली. काही दानात मिळाल्या, काही विकत घेतल्या. तुकड्याला तुकडा जोडीत दोन शतके गेली, आणि १३३६ पर्यंत सर्वांभोवती भिंत पुरी झाली.

हे साधू अंगमेहनतीचा अभिमान सांगत, आणि आरंभी ते खरेही होते. पण दिवसातून अनेक वेळा प्रार्थनेस उभे राहावयाचे आणि शेतीही करावयाची, हे जमणार कसे? म्हणून त्यांनी मठात दुसरा वर्ग घेतला, कामकरी बंधूंचा. तेही व्रतस्थच, परंतु त्यांची बसण्याची जागा निराळी, आणि मठाधिपतीच्या निवडणुकीत त्यांना मत नाही. त्यांना पुस्तक बाळगण्याची मनाई असे. चार प्रार्थना ऐकून तोंडपाठ कराव्या, एवढेच त्यांचे शिक्षण. आमच्यासारख्या ज्यांनी दिवसपाळी संपवून दिव्याखाली अक्षर गिरविले, त्यांना हा नियम वाचताना काय वाटते ते सांगायला नको. हे बंधू सगळीकडे मुकाट राहिले असेही नाही. याच पंथाच्या जर्मनीतील शोनाऊ मठात बाराव्या शतकात त्यांनी बुटांच्या वाटपावरून दंगा उभारला, त्याची हकीकत साधूंनीच लिहून ठेवली आहे. बूट हे कारण कोणाला क्षुल्लक वाटेल. चिखलात उभ्याने काम करणाऱ्याला वाटणार नाही.

पुढे हा वर्ग आटत गेला आणि रोजंदारीचे मजूर आले. कामाचा दिवस किती लांब, हा प्रश्नही त्यांच्याबरोबर आला. बर्गंडीतीलच ओसेर येथे चौदाव्या शतकाच्या अखेरीस मळ्यांतील मजूर सूर्यास्तापूर्वीच काम टाकून निघू लागले, कारण उरलेल्या उजेडात त्यांना स्वतःच्या चार वेली पाहावयाच्या असत. तंटा पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला, आणि निकाल मालकांच्या बाजूने लागला: काम सूर्यास्तापर्यंत! याच सुमारास, १३९५ साली, बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामे नावाची भरघोस पिकणारी द्राक्षजात उपटून टाकण्याचा हुकूम काढला. पिनो न्वार ही जात कमी देणारी आणि नाजूक, पण प्रांताचे नाव तिच्यावर चालले होते. क्लो द वूजोची तांबडी वाइन आजही पिनो न्वारचीच असते. या काळ्या द्राक्षाचा रस मूळचा जवळजवळ बिनरंगी. सालीसकट आंबविला म्हणजेच त्याला तांबडा रंग चढतो.

याच वाइनची एक कथा सांगतात. १३७१ साली सितोच्या मठाधिपतीने पोपकडे ३० पिंपे नजराणा म्हणून पाठविली, आणि थोड्याच वर्षांत मठाधिपती कार्डिनल झाले. पिंपे वाहून नेणाऱ्यांना काय मिळाले, ते कथेत नाही.

आता आमच्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत मोलाची गोष्ट. बर्गंडीत द्राक्षाची जमीन ‘ऊव्रे’ या मापाने मोजतात. हा शब्द काम या अर्थाच्या धातूपासून आला आहे: एका माणसाने एका दिवसात कुदळीने खणून काढावी तेवढी जमीन. आपल्या मापाने सुमारे सव्वाचार गुंठे. हिशेब केला तर भिंतीच्या आत सुमारे १,१८० ऊव्रे भरतात. म्हणजे सारा मळा एकदा खणायचा तर एका माणसाचे १,१८० दिवस, तीन वर्षांहून अधिक! आणि खणणी वर्षातून एकदाच नव्हती. त्याखेरीज छाटणी, बांधणी, तोडणी. शिवाय पावसाने उतारावरून वाहून गेलेली माती पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर नेणे. त्या काळी वेली ओळीत नसत. फांदी मातीत दाबून नवी वेल करीत, त्यामुळे सगळी दाटी होई आणि नांगर घालण्यास वाट नसे.

मग राज्यक्रांती आली. नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राची झाली. राष्ट्राची झाली, म्हणजे राबणाऱ्यांची झाली का? जानेवारी १७९१ मध्ये क्लो द वूजो लिलावात निघाला आणि अखंड विकला गेला. पहिल्या खरेदीदाराला रक्कम पुरी भरता आली नाही, तरी मळा मजुरांकडे वळला नाही; पैसेवाल्यांच्या हातांतून फिरत १८१८ साली तो लष्करी पुरवठ्यावर गबर झालेल्या ऊव्रार घराण्याकडे गेला. आणि लिलावाला सहा महिने होण्याच्या आत, १४ जून १७९१ रोजी, त्याच क्रांतीच्या सभागृहाने ल शापलिए याचा कायदा करून कामगारांनी एकत्र येऊन मजुरी ठरविण्यास बंदी घातली. संपाची मनाई उठण्यास १८६४ उजाडले, संघटनेस कायदेशीर मान्यता मिळण्यास १८८४. क्रांतीचे मोठेपण आम्ही नाकारीत नाही. सरंजामी देणी तिने मोडली, ती तिनेच मोडायची होती. पण या दोन तारखा शेजारीशेजारी ठेवून वाचाव्या, असे आमचे सांगणे आहे.

मळा फुटला तो १८८९ मध्ये, आणि तोही व्यवहाराने. ऊव्रारांच्या वारसांनी तो वाइनच्या व्यापाऱ्यांना विकला, त्यांनी वाटून घेतला. नंतर वारसाहक्काने व विक्रीने तुकडे वाढत गेले. त्याच काळात फिलॉक्सेरा नावाची अमेरिकेहून आलेली कीड मुळे खात सुटली होती. या जिल्ह्यात ती १८७८ साली आढळली. अमेरिकन मुळांवर पिनोची कलमे बांधून वाइन वाचली. नव्या वेली ओळीत लागल्या, घोडा आत शिरला, पुढे वेलींच्या ओळीवरून दोन्ही बाजूंना चाके टाकून चालणारा उंच ट्रॅक्टर आला.

आज भिंत एक आहे आणि मालक सुमारे ८०. १९३७ पासून कायद्याने आतल्या सर्व जमिनीला एकच सर्वोच्च दर्जा आहे. परंतु वरच्या अंगाची जमीन चुनखडीची व निचऱ्याची, तर खाली रस्त्यालगतची चिकण व ओलसर, म्हणून दोन बाटल्यांवर एकच नाव असले तरी आतला माल सारखा असेलच असे नाही. मधला १५५१ चा वाडा १९४४ पासून वाइनप्रेमींच्या एका मंडळाकडे आहे, तेथे मोठ्या मेजवान्या होतात. जुन्या तळघरातील प्रचंड लाकडी दाबयंत्रे पाहावयास लोक जातात. २०१५ साली युनेस्कोने हा सारा उतार जागतिक वारशात घेतला.

जमिनीचे सौदे मात्र अजून ऊव्रेमध्येच बोलले जातात. या भिंतीच्या आत एक ऊव्रे, म्हणजे एका माणसाचे एका दिवसाचे काम, विकत घ्यायचे तर तेथील मजुराला पोटाला चिमटा काढून नव्हे, अजिबात न खाता साठविलेली दहा वर्षांची मजुरीही पुरत नाही.