आपले खासदार कोण?

राणोजी शिंद्यांच्या काळात आमची पुष्कळ घराणी क्षिप्रेकाठी आली. १८१० साली राजधानी ग्वाल्हेरला गेली, आम्ही इथेच राहिलो. तेव्हापासून ‘दरबारात आपला माणूस कोण?’ हा प्रश्न काही सुटला नाही. १९८९ साली इंदूरने चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्राताई महाजनांना लोकसभेत पाठवले. पुढे सलग ८ वेळा. आम्ही हेवाच करत बसलो! त्याच निवडणुकीत उज्जैनच्या राखीव जागेवरून डॉ. सत्यनारायण जटिया निवडून आले होते. १९८० ते २००४ या काळात ७ वेळा जिंकले. वाजपेयी मंत्रिमंडळात श्रम आणि सामाजिक न्याय ही खाती त्यांनी सांभाळली. २००९ साली ते हरले. मराठी नसलेल्या या खासदारांना ‘आपले’ म्हणायला आमच्या घरांतून अंमळ उशीरच झाला.