खांदेरी बेटावरील दीपगृह : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मुंबई-गोवा महामार्गावरील वडखळ येथे अलिबागकडे जाणारा रस्ता फुटतो. अलिबाग तालुक्यातील थळ गावासमोर समुद्रात खांदेरी बेट आहे. या बेटाच्या इतिहासलेखनात जलदुर्गास मध्यवर्ती स्थान मिळाले. दीपगृहाचा उल्लेख मात्र बहुतेकदा ओझरताच होतो. प्रस्तुत लेखात या दोन वास्तूंमधील संबंध तपासला आहे.

विवेचन :
खांदेरीचे महत्त्व तिच्या स्थानात आहे. दक्षिणेकडून मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजांवर या बेटावरून नजर ठेवता येते. हे ओळखूनच छत्रपती शिवाजी महाराजांनी इ.स. १६७९ मध्ये मायनाक भंडारी यांच्याकरवी येथे तटबंदीचे काम सुरू केले. इंग्रजांनी आरमार पाठवून विरोध केला. तथापि बेट मराठ्यांकडेच राहिले. जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाणे वसवून शह दिला. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात, इ.स. १७१८ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याची खांदेरीवरील मोहीम अयशस्वी ठरली.

इ.स. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला व इंग्रजांना या किनाऱ्यावर प्रतिस्पर्धी उरला नाही. आता त्यांच्यापुढील प्रश्न शत्रूचा नसून सुरक्षित नौकानयनाचा होता. इ.स. १८६७ मध्ये खांदेरीवर अष्टकोनी दीपगृह उभे राहिले. दोनच वर्षांनी सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईची सागरी वाहतूक वाढत गेली. इ.स. १८७५ मध्ये कुलाब्याच्या दक्षिणेस प्राँग्ज दीपगृह कार्यान्वित झाले. ज्या बेटावरून मुंबईची वाट अडविता येत होती, त्याच बेटावरून आता ती वाट उजळली जाऊ लागली.

इ.स. १९९८ मध्ये भारत सरकारने बेटास कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले. ज्यांच्या आरमाराचा इंग्रजांनी धसका घेतला, त्यांचेच नाव इंग्रजांनी बांधलेल्या दीपगृहास लाभले.

निष्कर्ष :
इ.स. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यातील १२ किल्ल्यांत खांदेरीही आहे. त्यामुळे जतनाचा प्रश्न नव्याने पुढे आला आहे. दीपगृहास किल्ल्यातील परकी बांधकाम मानून बाजूला ठेवल्यास अर्धा इतिहास हरवेल. तटबंदी आणि दीपगृह या एकाच सागरी मार्गावरील दोन सत्तांच्या खुणा आहेत. म्हणून त्यांचे जतन व अध्ययन एकत्रच होणे आवश्यक ठरते.