कानापुरती खोली

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. बारावी संपली, आता पुण्यात शिकायला जायचं. हॉस्टेलच्या एका खोलीत तिघी मुली. म्हणाली, "मामू, दोन हजारांच्या आत चांगला हेडफोन सांगा. बसमध्ये गाणी ऐकायला चालेल आणि खोलीवरही लावता येईल असा."

एखादं नाव सांगून मी मोकळा झालो असतो. पण ही नावं सहा महिन्यांत बदलतात, आणि खोक्यावर छापलेले मोठमोठे शब्द तर कुणालाच कळत नाहीत. हेडफोन कसा निवडायचा हे समजून घ्यायचं असेल, तर तो आजच्या रूपात कसा आला हे पाहणं जास्त उपयोगाचं, असं मला वाटतं. या इतिहासातल्या प्रत्येक टप्प्यावर कुणाची तरी एक अडचण होती. आपली अडचण त्यातली कोणती, हे ओळखलं की निवड सोपी होते.

सुरुवात 1881 ची. पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर या अभियंत्याने ऑपेराच्या रंगमंचावरचं गाणं टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या दालनात आणलं. श्रोते दोन्ही कानांना एकेक रिसीव्हर लावून ऐकत. पुढे याची कंपनी निघाली. लंडनमध्ये 1895 साली 'इलेक्ट्रोफोन' नावाने अशीच सेवा सुरू झाली. तिची वर्षाची वर्गणी पाच पौंड, म्हणजे त्या काळच्या साध्या मजुराची सुमारे महिनाभराची कमाई. घरबसल्या संगीत ऐकणं हा तेव्हा श्रीमंतांचा षोक होता.

पुढचा टप्पा अमेरिकेतल्या युटा प्रांतातला. नॅथानिएल बाल्डविन नावाचा माणूस स्वयंपाकघरात बसून हाताने हेडफोन बनवत असे. 1910 मध्ये त्याने नमुना अमेरिकी नौदलाकडे पाठवला. बिनतारी संदेश तेव्हा इतके क्षीण येत की ते वाढवून ऐकवणारी यंत्रणाच हाताशी नव्हती. मिळेल तेवढ्या विजेवर जास्तीत जास्त मोठा आवाज देणारं साधन नौदलाला हवं होतं, आणि बाल्डविनचा हेडफोन नेमकं तेच करत होता. नौदलाने मागणी नोंदवली, तर यांचं उत्तर आलं की स्वयंपाकघरात एका वेळी थोडेच नग होतात. पुढे त्याचा कारखाना उभा राहिला, पैसा आला आणि गेलाही.

बाल्डविनचा धडा आजही लागू आहे. खोक्यावर 'सेन्सिटिव्हिटी' आणि 'इम्पिडन्स' असे दोन आकडे असतात. पहिला सांगतो, थोड्या विजेत आवाज किती मोठा होईल. दुसरा ओहममध्ये असतो आणि विजेला होणारा अडथळा सांगतो. मोबाइलवर ऐकायचं असेल तर साधारण 16 ते 32 ओहमचा आणि चांगल्या सेन्सिटिव्हिटीचा हेडफोन घ्यावा. 250 ओहमचा स्टुडिओतला हेडफोन कितीही नामांकित असला, तरी मोबाइलवर तो मलूल वाजतो. त्याला वेगळा अॅम्प्लिफायर लागतो, म्हणजे पुन्हा खर्च.

1937 मध्ये बर्लिनच्या बायर कंपनीने 'डीटी 48' हा डायनॅमिक हेडफोन काढला. लाउडस्पीकरमध्ये असते तशीच चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला जोडलेला पडदा, पण कानाच्या मापाचा. आजचे बहुतेक हेडफोन याच तत्त्वावर चालतात. तरीही हेडफोन बराच काळ टेलिफोन, रेडिओ आणि सैन्य यांच्याच कामाची वस्तू राहिला. घरी गाणं ऐकण्यासाठी तो वापरायची कल्पना जॉन कॉस या मिलवॉकीच्या माणसाने रुजवली. हा गृहस्थ आधी इस्पितळातल्या रुग्णांना टीव्ही भाड्याने देत असे. 1958 मध्ये त्याने एक छोटा फोनोग्राफ प्रदर्शनात मांडला आणि सोबत स्टिरिओ हेडफोन ठेवला. फोनोग्राफकडे कुणी फारसं पाहिलं नाही. लोक हेडफोन लावायला रांगेत उभे राहिले.

1968 मध्ये जर्मनीच्या सेनहायझरचा 'एचडी 414' आला. तोवरचे हेडफोन जड आणि बंदिस्त, तासाभरात कान घामाने ओले. या हेडफोनची पाठ उघडी होती आणि कानावर पिवळा हलका फोम. हवा खेळती राहिल्याने आवाज मोकळा वाटे. आजही शांत घरात एकट्याने ऐकायला उघड्या पाठीचा हेडफोन सर्वांत सुखाचा. पण दोष असा की आतलं बाहेर ऐकू जातं आणि बाहेरचं आत येतं. तिघींच्या खोलीत किंवा एसटीत तो कामाचा नाही.

मग 1 जुलै 1979. सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये विक्रीला आला, किंमत 33,000 येन. त्याच्यासोबतचा हेडफोन 50 ग्रॅमच्या आसपास होता, तर आधीचे तीनशे-चारशे ग्रॅमचे. समेरियम-कोबाल्टच्या छोट्या पण ताकदवान चुंबकामुळे हे जमलं. पुढे निओडायमियम चुंबक आलं आणि चांगला आवाज आणखी स्वस्त झाला. आज हजार रुपयांच्या इयरफोनमधून जे ऐकू येतं, त्याचं बरंचसं श्रेय या चुंबकांना आहे.

त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. एकट्याने ऐकत बसणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल, अशी सोनीच्या आकियो मोरिता यांना धास्ती होती. ती खोटी ठरली. माणसं एकटी ऐकू लागली आणि पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं.

आपल्याकडे ऐकणं सामुदायिकच होतं. 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जानच्या तबकड्या ध्वनिमुद्रित झाल्या. मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ 1937 मध्ये गेले, पण तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर त्यांचा आवाज राहिला. ज्याच्या घरी ग्रामोफोन, त्याच्या ओट्यावर गाव. नंतर ज्याच्याकडे रेडिओ, त्याच्या दारात गल्ली. 1954 पासून खिशातले ट्रान्झिस्टर जगात विकले जाऊ लागले, तरी आपल्याकडे ट्रान्झिस्टरही चारचौघांत मोठ्यानेच वाजायचा.

कोकणातल्या आमच्या गावात हे बदललं ते आखाताच्या पैशाने. 1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरची मुसलमान पोरं कुवेत, दुबई, बहरीनला निघाली. सुट्टीवर येताना अत्तर, ब्लँकेट आणि टू-इन-वन आणायची. रेडिओ आणि टेप एकात. त्या टेपवर अब्दुल बासित यांची किरात वाजे, कव्वाली वाजे, रफीसाहेब वाजत. संगीत ऐकावं की नाही यावर वडीलधाऱ्यांत वाद व्हायचे. वाद करणारे आणि ऐकणारे बऱ्याचदा त्याच ओट्यावर बसलेले असत.

त्याच टेपवर पत्रंही यायची. लिहायला-वाचायला न येणाऱ्यांसाठी कॅसेट म्हणजे मोठीच सोय. गावचा कुणी परत येत असला की त्याच्या हाती बोललेली कॅसेट पाठवायची. माझी खाला लग्नानंतर सात महिन्यांनी एकटी राहिली, खालू कुवेतला. त्यांची कॅसेट आली की सगळं घर माजघरात जमायचं. सासू-सासरे, दीर, नणंदा, शेजारच्या बाया. खालू आधी सगळ्यांना सलाम सांगायचे, मग पैशांचा हिशेब, मग भाताचं बियाणं. खालासाठी शेवटी एकच वाक्य, तब्येत सांभाळ. घरभर लोक ऐकणार हे त्यांना ठाऊक होतं. आणखी काय बोलणार?

1982 च्या सुट्टीत खालूंनी एक इयरफोन आणला. एकाच कानाचा, पिवळट रंगाचा, बारीक वायरीचा. टू-इन-वनच्या कडेला त्याचं भोक होतंच. तिथे तो खुपसला की स्पीकर गप्प व्हायचा. त्यानंतरच्या कॅसेटची पहिली बाजू सगळ्यांची आणि दुसरी बाजू खालाची. ती बाजू दुसऱ्या कुणी लावायची नाही, हा नियम कुणी न सांगता घरात झाला. दुपारी सगळे आडवे झाले की खाला माजघरात, यंत्राला कान लावून बसायची. मी तेव्हा आठ वर्षांचा. काय ऐकतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "हिशेब."

माणसांनी भरलेल्या त्या घरात खालाला स्वतःची अशी जागा नव्हती. त्या इयरफोनने तिला कानापुरती एक खोली मिळाली. एकटं ऐकणं म्हणजे माणसापासून तुटणं, असं हल्ली सर्रास म्हणतात. ज्यांच्याकडे बंद करता येणारं दार आधीपासून आहे, त्यांना ते म्हणणं सोपं जातं. भाचीच्या प्रश्नाकडे मी म्हणूनच गांभीर्याने पाहिलं. तिघींच्या खोलीत तिलाही तेवढी जागा हवी आहे.

तर तिला मी दिलेला सल्ला असा. प्रवासासाठी आणि सामायिक खोलीसाठी कानात नीट बसणारा वायरचा इयरफोन घ्यायचा. हजार-दीड हजारात आज चांगला मिळतो. रबराची टोपणं तीन मापांची येतात, ती तिन्ही लावून पाहायची. टोपण सैल बसलं तर खर्ज नाहीसा होतो आणि दोष मात्र इयरफोनला लागतो. वायर सुटी होणारी असेल तर उत्तम, कारण बहुतेक वेळा आधी वायरच तुटते. ब्लूटूथची सोय मोठी आहे, पण त्यातली बॅटरी काही वर्षांत दमते आणि स्वस्त वस्तूत ती बदलून मिळत नाही. मोबाइलला गोल भोक नसेल तर सी-टाइपचा छोटा अडॅप्टर घ्यावा. घरी शांत खोली असेल आणि पुढे थोडे पैसे साठले, तर हलका, उघड्या पाठीचा हेडफोन. कॉसचा 1984 चा 'पोर्टा प्रो' अजूनही बनतो, यावरून चांगली रचना किती टिकते ते कळावं.

विकत घेण्याआधी आपल्या ओळखीचं गाणं लावून ऐकावं. खर्जाच्या धमाक्याला भुलू नये. करीम खाँसाहेबांसारखी जुनी तबकडी ऐकणाऱ्यांनी तर फार तीक्ष्ण आवाजाचा हेडफोन टाळावाच, कारण सुरांआधी खरखर कानात घुसते.

आणि शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मर्यादा सुचवली आहे: 80 डेसिबलने आठवड्याला 40 तास. आवाज दर 3 डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. 83 ला 20 तास, 86 ला 10. बसच्या गोंगाटावर मात करायला आपण आवाज वाढवत नेतो आणि कळतही नाही. म्हणून बाहेरचा गोंगाट अडवणारा इयरफोन कानासाठीही बरा. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, दोन हजारांत नाही आणि दोन लाखांतही नाही.

भाचीने इयरफोन घेतला. खालू आता नाहीत. खालाचा मुलगा कतारला असतो आणि व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवतो. खाला ते ओट्यावर बसून मोठ्या आवाजात लावते, सगळ्यांनी ऐकावं म्हणून. परवा मी तिला त्या दुसऱ्या बाजूबद्दल पुन्हा विचारलं. चाळीस वर्षं उलटून गेली, आता तरी सांगेल असं वाटलं.

म्हणाली, "सांगितलं होतं ना तेव्हाच. हिशेब होता."